मायक्रो

कोल्हापुरात कर्तबगारी हॉर्सपॉवरमध्ये मोजतात. उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात लोखंड ओतणाऱ्या आणि इंजिनाचे पार्ट घडवणाऱ्या माणसांना दुसरं माप पटत नाही. त्यामुळे इथला पोरगा बंगळूरला जाऊन बॅटरीवरच्या उपकरणांसाठी पॉवर कन्व्हर्टरच्या चिपा आखायला लागला, की सुट्टीला आल्यावर त्याची पंचाईत होते.

"किती एचपीचं काम असतंय रं तुझं?" मामा विचारतात.

"मामा, एक एचपी म्हणजे 746 वॅट. आमचं मायक्रोवॅटात चालतं."

"म्हंजे अजून ट्रेनिंगच चाललंय म्हण की!"

तालमीतली पोरं त्याला 'मायक्रो' म्हणतात. असे मायक्रो आता बऱ्याच गल्ल्यांत सापडतात. खूण सोपी आहे. घरात आला की चप्पल काढायच्या आधी तो टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद करतो. रिमोटनं बंद केलेला टीव्ही त्याच्या लेखी बंद नसतोच, तो "झोपेत खात असतो." झोपेत खाणाऱ्यांशी त्याचं उभं वैर, कारण चिप रिकामी बसलेली असताना स्वतः किती करंट पिते, यावरच त्याची नोकरी. हिशेब तोंडपाठ आहे. गाडीच्या किल्लीतल्या बटणसेलची कुवत साधारण 220 मिलिअँप-तास. झोपेत 100 मायक्रोअँप खाल्ले तर सेल 3 महिन्यांत खलास, 10 खाल्ले तर अडीच वर्षं, 1 खाल्ला तर 25 वर्षं. तोवर सेलच म्हातारा होऊन मरतो, हे तो जरा हळू आवाजात सांगतो.

वाटी रिकामी व्हायच्या आत पांढरा रस्सा वाढणाऱ्या गावात हा कंजूष जन्मला कसा, हे आईला कळत नाही.

त्याच्यासमोर लिनिअर रेग्युलेटरचं नाव काढू नये. चार्जिंगवाल्या सेलचे 3.7 व्होल्ट 1.2 वर आणताना तो गडी दोन तृतीयांश ऊर्जा नुसती उष्णता करून उधळतो. मायक्रोचा बक कन्व्हर्टर सेकंदाला लाखो वेळा स्विच उघडझाप करतो, कॉइलमध्ये ऊर्जा साठवून बेतानं सोडतो आणि नव्वद टक्क्यांच्या वर पदरात पाडतो. दुखणं एकच, कॉइल चिपेत मावत नाही. स्विच जोरात पळवला तर कॉइल लहान होते, पण दर उघडझापीला थोडी वीज सांडते. या ओढाताणीत त्याचे पुढचे केस गेले. मामांना मात्र एवढा भाग लगेच समजला. "कॉइल व्हय? आण हिकडं, रिवाइंडिंगवाल्याकडनं गुंडाळून देतो."

हा माणूस हळवा होतो तो फक्त पावसाळ्यात. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी येते, सगळं गाव राजाराम बंधाऱ्यावरच्या पाण्याचे फूट मोजत जीव मुठीत धरून बसतं, आणि हा भारावून म्हणतो, "सात दरवाजे! पाणी चढलं की आपोआप उघडतात, उतरलं की मिटतात. स्वतः वीज किती खातात? शून्य!" शाहू महाराजांनी सुरू केलेल्या धरणाला असा भक्त दुसरा नसेल. आई तेवढ्यात म्हणते, "ते असू दे, आधी खालचं सामान माडीवर चढव."

सध्या त्याच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. पगार उत्तम, मुलगा निर्व्यसनी. मुलीकडच्यांनी जरूर यावं. फक्त बैठकीत सगळ्यांनी एकाच पंख्याखाली बसावं.