सोमवारची दिल्ली

दिल्लीत राहून मला 27 वर्षं झाली. एवढ्या काळात मी कुतुबमिनार बावीस वेळा पाहिला, त्यातला एकदाही आपणहून नाही. दर वेळी सोबत गावाकडचं कुणीतरी. पाहुणे आले नसते तर घर ते ऑफिस एवढीच राजधानी माझ्या वाट्याला आली असती.

येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असतं ते वाराचं. रविवारी येऊन पोचू नका. पण ऐकतो कोण? मिरज-सांगलीकडची मंडळी शुक्रवारी रात्री गोवा एक्स्प्रेसमध्ये बसतात, दोन रात्री गाडीत काढून रविवारी सकाळी निजामुद्दीनला उतरतात. तो दिवस आंघोळी, झोपा आणि दशम्यांचे उरलेले डबे रिकामे करण्यात जातो. दुसऱ्या दिवशी ताजेतवाने होऊन दारात उभे, तर सोमवार! सोमवारी लाल किल्ला बंद, लोटस टेंपल बंद, अक्षरधाम बंद, राष्ट्रीय संग्रहालय बंद. निदान स्वस्तातले कपडे घ्यावेत म्हटलं तर सरोजिनीनगरचा बाजारही बंद.

मागच्या जानेवारीत मामा-मामी आले तेही अर्थात रविवारीच. ही यादी ऐकून मामा म्हणाले, "आमच्याकडं सोमवारी न्हावी बंद असतो. तुमच्याकडं बादशहा पण?"

सोमवारी उघडा असतो तो कुतुब. माझ्या बावीस खेपांचं रहस्य एवढंच.

मामांना मात्र कुतुबच हवा होता. 1979 साली ते कॉलेजच्या सहलीबरोबर येऊन गेले होते. तेव्हा मिनारावर पहिल्या सज्ज्यापर्यंत चढता यायचं. पुढं 1981च्या डिसेंबरात जिन्यात अंधार होऊन चेंगराचेंगरी झाली, त्यात शाळेची मुलं गेली. तेव्हापासून ते दार बंद आहे. पण मामांना वर जायचंच नव्हतं. त्यांचं काम अंगणातल्या लोखंडी खांबाशी होतं. गुप्तांच्या काळातला, सोळाशे वर्षं उन्हापावसात उभा, तरी गंज असा नाही. त्याला पाठ लावून मागच्या मागं हातांची मिठी घालायची. बोटं जुळली की मनातलं होतं, असा जुना समज.

"माझी दोन बोटं कमी पडली होती," मामा म्हणाले.

"मागितलं काय होतं?"

"बँकेत नोकरी."

"मग लागलात की!"

"लागलो, पण दोन वर्षं उशिरा. दोन बोटं, दोन वर्षं. हिशेब चोख आहे."

पंचेचाळीसहून अधिक वर्षांनी ती दोन बोटं वसूल करायला माणूस आला होता, आणि खांबाभोवती कुंपण. 1997 पासून आहे ते. इतक्या मिठ्यांनी खांब झिजायला लागला म्हणून घातलेलं. मी बावीस वेळा त्या कुंपणाजवळून गेलो होतो. ते कुणाच्या आड येत असेल असं कधी मनात आलं नव्हतं. मामा थोडा वेळ कुंपणाला पाठ लावून उभे राहिले. मग म्हणाले, "चल, भूक लागली."

मंगळवारी लाल किल्ला. दिवाण-ए-खासमध्ये सगळे संगमरवराकडं बघतात, मामांनी मान वर केली. इथं पूर्वी चांदीचं छत होतं. पानिपताआधी, 1760 साली, सदाशिवरावभाऊंनी ते उतरवून त्याची नाणी पाडली, कारण फौजेच्या पोटाला पैसा नव्हता. शेजारी एक गाइड कुठल्यातरी कुटुंबाला हिंदीत हेच सांगत होता. मामा माझ्या कानाशी पुटपुटले, "जरा हळू मराठी बोल. बिल आपल्या नावावर निघायचं."

चांदणी चौकात थंडीच्या दिवसांत दौलत की चाट मिळते. नावात चाट असली तरी गोड प्रकार: दूध घुसळून काढलेला फेस, वर केशर, खवा, पिठीसाखर. एवढ्यासाठी मी पाहुण्यांना जानेवारीत बोलावतो, धुक्यानं गाड्या कितीही लटकू देत. मामींनी चमचा तोंडात घातला आणि वाट बघत राहिल्या. "अरे, गेलं कुठं?" गिळायला काही उरतच नाही. "खरवस बरा," असा निकाल लागला, पण दुसरा द्रोण त्यांनीच मागितला.

मेट्रोत पहिला डबा बायकांचा असतो. मामी ऐटीत त्यात शिरल्या आणि राजीव चौकाला गाजर हलव्याची कृती घेऊन उतरल्या. आम्हाला अर्धा तास त्यांना शोधण्यात गेला, तोही वर येऊन; कारण खाली जे राजीव चौक ते वर सीपी, म्हणजे कनॉट प्लेस, आणि सीपी गोल. नकाशात गोल असणं वेगळं, पायांखाली गोल असणं वेगळं. एकाच स्वेटरवाल्यासमोरून आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी त्यानं भाव आपणहून उतरवला.

शेवटच्या रात्री जेवून शतपावलीला बाहेर पडलो. आमच्या भागात पत्ता सांगताना गल्ली सांगत नाहीत, मेट्रोच्या खांबाचा नंबर सांगतात. आमचा खांब कोपऱ्यावर, फुटपाथला लागूनच आहे. मामा त्याच्यासमोर थांबले. वरपासून खालपर्यंत बघितलं.

"याला कुंपण नाही," ते म्हणाले.

आणि वळून, पाठ टेकून त्यांनी हात मागं नेले. बोटं कमी पडली म्हणणं बरोबर नाही, अख्खा माणूस कमी पडत होता. मामींनी पदर खोचून एक हात धरला. दुसरा माझ्या बायकोनं. तरी पलीकडं जागा राहिलीच, तिथं मी उभा राहिलो. चौघांच्या पाठी गार काँक्रीटला, तोंडं चार दिशांना, वरून गाडी धडधडत गेली. रस्त्यावरचा ई-रिक्षावाला वेग कमी करून बघायला लागला.

"जुळली का रे बोटं?" पलीकडून मामांनी विचारलं.

"जुळली."

"मग मागा लवकर. गार लागतंय."