तयारी पूर्ण, कॅमेरा बंद

ऑनलाइन शिक्षणासाठी विद्यार्थी तयार आहे का, हे ठरवताना साधारणपणे तीन गोष्टी तपासतात: साधन, ते वापरण्याचे कौशल्य आणि कोणी न सांगता अभ्यासाला बसण्याची शिस्त. तिसरीचे नाव काढले की पालक हसतात.

साधनांचा हिशेब २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत आहे. ग्रामीण भारतात शंभरातल्या जेमतेम पंधरा घरांत इंटरनेटची सोय होती. संगणक तर चार-पाच घरांतच. मार्च २०२० मध्ये महाविद्यालयांना टाळे लागले, तेव्हा उरलेल्या घरांतल्या मुलांची मदार एका मोबाइलवर आली. तोही बहुधा वडिलांचा, काचेला तडा गेलेला आणि वडील कामावर निघाले की त्यांच्या खिशातून जाणारा. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ कोकणात शिरले आणि श्रीवर्धन, दापोलीकडे विजेने व रेंजने एकदमच रजा टाकली. रेंज शोधणे हा अभ्यासक्रमात नसलेला सक्तीचा विषय झाला. त्याची प्रात्यक्षिके गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर आणि एसटी थांब्याच्या कट्ट्यावर होत.

कौशल्यात मात्र कुणी नाव ठेवू नये. तास सुरू होताच चॅटमध्ये ‘प्रेझेंट सर’ची रांग लागते आणि मग पडद्यावर आद्याक्षरांचे रंगीत गोल तेवढे उरतात. एका गोलातून कुकरची शिट्टी, दुसऱ्यातून ‘मेथी घ्या, मेथी’. माइक कोणाचा चालू आहे, याच्या तपासात दहा मिनिटे जातात. सरांनी प्रश्न विचारला की साठ जणांची रेंज एकाच क्षणी जाते. ‘आज इथे थांबू’ म्हणताच परत येते. फुकटच्या झूमवर चाळीस मिनिटांनी मीटिंग आपोआप तुटायची. कोणत्याही शिपायाने इतक्या नेमाने घंटा दिली नसेल.

अंतिम वर्षाच्या परीक्षेशिवाय पदवी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी ठरवले आणि ऑक्टोबरमध्ये राज्यातल्या विद्यापीठांनी बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षा घेतल्या. पर्याय चार, घरात माणसेही चार, शिवाय व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. एरवी पुस्तकाला हात न लावणारी मुले त्या दिवशी आपणहून पहाटे उठून चार्जर शोधत होती.

शिस्तीची नोंद थोडक्यात उरकते. ‘सर, रेकॉर्डिंग मिळेल ना?’ हा प्रश्न तास सुरू होण्यापूर्वीच येतो. रेकॉर्डिंग मिळते, सावकाश बघण्यासाठी उतरवूनही ठेवले जाते. फोनची जागा भरली की आधी अर्थशास्त्राची बावीस व्याख्याने उडतात. मावसबहिणीच्या हळदीचे व्हिडिओ राहतात.