चिखलाला आले मोल

सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेल शर्यतींचे मनःपूर्वक स्वागत. आजवर चिखल फुकट मिळे, म्हणून त्याला कोणी विचारत नव्हते. आता तो नोंदणी शुल्क भरल्यावरच पायाला लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीच्या सिंहगडावर आतकरवाडीच्या पायवाटेने दह्याची मडकी घेऊन चढणाऱ्या मावश्या मात्र खेळाडू ठरत नाहीत. त्यांच्या छातीवर क्रमांक नाही, मनगटावर जीपीएसचे घड्याळ नाही. नियम म्हणजे नियम.

हेच धोरण शासनाने पुढे न्यावे. ज्या वाड्यांना अजून रस्ता नाही, तिथे तो करूच नये. त्यांना कायमस्वरूपी क्रीडासंकुल घोषित करावे. आजाऱ्याला डोलीतून दवाखान्यात नेणाऱ्यांना सांघिक गटात प्रवेश द्यावा, ओढा ओलांडून शाळेत जाणाऱ्या पोरांना कनिष्ठ गटात. रस्त्याचा निधी वाचेल, त्यातून पदके येतील. ग्रामस्थांची शंका एकच: या शर्यतीची अंतिम रेषा कुठे आहे? ती आखण्यासाठी समिती नेमता येईल.

इच्छुकांनी नोंदणीची त्वरा करावी. रस्ता झाल्यास शर्यत रद्द होईल. मात्र तसा धोका तूर्त संभवत नाही.