काय कान आहे तुमचा!

"बेस जरा फुगीर वाटतो, नाही?" हे वाक्य डोळे अर्धवट मिटून म्हणता यावं, एवढ्यासाठी मी साउंडबार घेतला. माणूस रेडिओ घेतो तो स्वतः ऐकायला. साउंडबार घेतो तो पाहुण्यांना ऐकवायला. शिवाय वूफर, आणि स्वयंपाकघरात नि आतल्या खोलीत एकेक स्पीकर.

सगळं वायरलेस. म्हणजे प्रत्येक डब्याला विजेची एक वायर असते, पण ती मोजायची नसते. बोईसरमध्ये विजेचा विषय काढू नये. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र 1969 पासून शेजारी तारापूरला उभं आहे आणि पावसाच्या पहिल्या सरीला आमचा पंखा थांबतो. वीज परत आली की तिन्ही स्पीकर एकमेकांना शोधू लागतात. दोघांची भेट होते, तिसरा रुसलेला असतो.

जिन्यात भेटेल त्याला मी ज्ञान देत असे. ब्लूटूथ म्हणजे फोनची शेपटी: मेव्हण्याचा फोन आला की लताबाई गप्प. वायफायवरचा स्पीकर मात्र गाणं स्वतःच इंटरनेटवरून ओढतो, आणि सगळे स्पीकर एकच घड्याळ पाळतात, नाहीतर हॉलमधल्या ओळीमागून स्वयंपाकघरातली ओळ धावत येते. डॉल्बी ॲटमॉस छताकडे आवाज फेकतो आणि तो छतावरून उलटून खाली येतो, म्हणून छत सपाट हवं. चिंचणीच्या आमच्या काकांच्या कौलारू घरात त्यातला पाऊस कौलांतच अडकेल. काका म्हणाले, "खरा तर गळतो की!"

वूफरची पहिली चाचणी मी रात्री घेतली. डहाणू-तलासरीकडे 2018 च्या नोव्हेंबरपासून जमीन अधूनमधून हादरते, हे त्या वेळी माझ्या लक्षात नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या सगळ्यांच्याच होतं. गाणं संपेपर्यंत अर्धी इमारत गेटपाशी उभी होती, आणि सर्वांत आधी पोचलेल्या आजोबांनी दातांची कवळीही बरोबर घेतली होती.

बारच्या वर भिंतीवर वारली चित्र आहे. पालघर जिल्ह्यात ते नसलेला हॉल दाखवा! मधे तारपेवाला, भोवती नाचणाऱ्यांची गुंडाळत गेलेली साखळी. पाहुणे वूफरची तारीफ करतात तेव्हा माझी नजर त्या चित्राकडे जाते. त्याचा तारपा म्हणजे सुकवलेला दुधीभोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, सांधायला मेण. यात प्लग कुठेच नाही. वाजवणारा श्वास तोडत नाही. गालात हवा साठवून नाकाने पुढची घेतो, म्हणून सूर अखंड. त्याने चाल बदलली की साखळीतल्या शेवटच्या पोराचंही पाऊल बदलतं. ते कोणत्या घड्याळावर, हे माझ्या ॲपने मला सांगावं. तारप्याकडे पाठ करायची नाही, असा तिथला नियम. आमच्याकडे एका माणसाभोवती पाच स्पीकर बसवतात. तिकडे एका स्पीकरभोवती अख्खा पाडा फिरतो. जव्हारकडच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा तारपा वाजवतात आणि स्वतः बनवतातही. म्हणजे कलावंत तेच, कंपनी तीच आणि सर्व्हिस सेंटरही तेच. हल्ली लग्नात टेम्पोभर डीजे येतो, छातीच्या फासळ्या वाजवून जातो, आणि तारपा स्वागत समारंभात, मंत्र्यांच्या हाराआधी दोन मिनिटं. याचा मला फार राग येतो. तो राग मी साउंडबारच्या दुकानात कधी व्यक्त केला नाही, हेही खरं.

असो. इमारतीत माझं खरं नाव झालं ते एका रविवारी. शेजाऱ्यांकडे सिनेमा चालू होता आणि मी दारातूनच म्हणालो, "आवाज ओठांच्या मागे पडतोय." ब्लूटूथ काढून एचडीएमआय केबल जोडली, आवाज ओठांवर बसला. "काय कान आहे तुमचा!" शेजारी म्हणाले. मी नम्रपणे मान हलवली.

कान नव्हे, डोळे. एमआयडीसीतल्या लूमशेडमध्ये माझी सगळी नोकरी झाली. तिथे शंभराच्या आसपास डेसिबल. कायदा आठ तासांना नव्वद म्हणतो. इअरप्लग मिळत, पण ते घातले की फिटरची हाक कळत नसे, म्हणून ते खिशात. शेडमधला प्रत्येक जण ओठ वाचतो. निवृत्तीच्या तपासणीत कानाचा आलेख काढला, तेव्हा रेषा सरळ येता येता चार हजार हर्ट्झपाशी खड्ड्यात पडलेली. डॉक्टरांना नवल वाटलं नाही. त्या भागातल्या माणसांचे आलेख तिथेच पडतात, म्हणाले. तिथे 'स' राहतो, 'श' राहतो, 'त'ची धार राहते. नातीचं नाव सई आहे. मला ती बरीच वर्षं 'अई' ऐकू येते.

बारच्या रिमोटवर संवाद स्पष्ट करणारं एक बटण आहे. ते नेमकं तो खड्डा भरतं, वूफरला दाबतं आणि बोलणं पुढे आणतं. एवढ्या सगळ्या यंत्रणेत माझ्या उपयोगाची गोष्ट ती एकच. एरवी ते चालूच असतं. पाहुणे आले की मात्र बंद करतो, कारण त्याने बेस पातळ होतो आणि लोक काय म्हणतील? मग अडीच तास पडद्यावर कोण कोणाला काय बोललं ते मला कळत नाही. सिनेमा डब केलेला असेल तर ओठांचाही उपयोग नाही. मी डोळे मिटून मान डोलावत राहतो. पाहुणे गेले की ही मला सिनेमाची गोष्ट सांगते, खालच्या मजल्यालाही कळेल अशा आवाजात.