मोटर बंद व्हायला तयार नाही

हान्स कॅमेन्झिंड या स्विस अभियंत्याने १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी ५५५ टायमर आखला, पुढच्या वर्षी तो बाजारात आला, आणि तेव्हापासून घरोघरच्या जेवणाच्या टेबलांवर सोल्डरचे थेंब पडू लागले.

सोसायटीत असे एक काका असतातच. गॅलरीतल्या कुंड्यांना मिनिटभर पाणी घालून पंप आपोआप बंद व्हावा, एवढीच त्यांची इच्छा. सूत्र सोपं: १.१ गुणिले रेझिस्टर गुणिले कपॅसिटर. ५६० किलोओहम नि १०० मायक्रोफॅरड घेतले की ६२ सेकंद. कागदावर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर छापील आकड्याच्या २० टक्के इकडेतिकडे असू शकतो, त्यामुळे काकांचं मिनिट ५० सेकंदांचंही होतं नि ७४ चंही. कुंड्या तक्रार करत नाहीत.

आधी मोटरीच्या जागी एलईडी लावून चाचणी. एलईडी म्हणजे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातला मुलगा: सांगितलं की पेटतो, वेळ झाली की विझतो. काकूंपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना प्रयोग दाखवून होतो. मग पंपाची पाळी. ५५५ ची ताकद २०० मिलिअँपिअरची, पंप सुरू होताना त्याच्या कित्येक पट ओढतो. म्हणून मध्ये रिले. मिनिटाने रिले ‘टक्’ करतो. लगेच दुसरं ‘टक्’, आणि पंप पुन्हा चालू.

दुकानदाराने डुप्लिकेट आयसी दिला, असा निकाल त्याच रात्री लागतो. नवा आयसीही तसाच वागतो.

गुन्हेगार पंपच. वीज तोडली तरी मोटरीच्या आणि रिलेच्या कॉइलमधला प्रवाह एकदम थांबायला राजी नसतो. व्होल्टेज उसळतं, रिलेच्या पॉइंटवर ठिणगी पडते. त्या गोंधळात पिन २ क्षणभर पुरवठ्याच्या एक-तृतीयांशाखाली, म्हणजे १२ पैकी ४ व्होल्टच्या खाली, गेली की ५५५ ला वाटतं, कुणी बटण दाबलं. बटणाची तार गॅलरीपर्यंत लांबवली असेल तर ती अँटेनाच. आकृतीत टायमर मोटरीवर हुकूम सोडतो. टेबलावर उलटा कारभार.

इलाज चिल्लर पैशांत होतो. मोटर आणि रिलेची कॉइल, दोन्हींवर आडवा १एन४००७ डायोड, पट्टी प्लसकडे (उलट लावला तर धूर). आयसीच्या पायांशी ०.१ मायक्रोफॅरड, पिन ५ वर ०.०१, पिन २ आणि प्लसच्या मध्ये १० किलोओहम. पिन ४ लोंबकळत ठेवायची नाही, थेट प्लसला. मोटरीच्या तारा बॅटरीपासूनच वेगळ्या.

आता रिले एकदाच ‘टक्’ करतो. मोटर थांबते. पाणी मात्र वाहतच राहतं.

काका पिन ३ वर मल्टिमीटर धरतात: शून्य व्होल्ट. बॅटरी काढून बघतात. पाणी चालूच.

“अहो, बादली स्टुलावर आणि कुंड्या खाली. सायफन झालाय,” काकू म्हणतात आणि बादली जमिनीवर ठेवतात. पाणी थांबतं. काका तोवर तिसरा आयसी शोधत असतात.