दहा किलोचा नसलेला मासा

मॅजिकार्प नावाचा एक मासा आहे. म्हणजे, तो नाही. कुठल्या नदीत नाही, समुद्रात नाही, आमच्या ठाण्याच्या मासळी बाजारात तर नाहीच. तो आहे पोकेमॉन नावाच्या व्हिडिओ गेममध्ये. हा गेम १९९६ साली जपानमध्ये आला, आणि त्यातल्या १५१ प्राण्यांमध्ये ह्या माशाचा नंबर १२९, उंची (माशाला उंची!) ०.९ मीटर आणि वजन बरोबर दहा किलो, असा सगळा तपशील चोख नोंदलेला आहे. मी तर चांगला आहे, दिसतो, आणि तरीही माझ्या वजनाबद्दल माझ्या आणि बायकोच्या आकड्यांत सहा किलोंचा फरक पडतो.

माझी भाची मराठी विकिपीडियावर लिहिते. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झालेला हा ज्ञानकोश अशीच मुलंमाणसं फावल्या वेळात फुकट लिहून वाढवतात. तिने ह्या मॅजिकार्पवर लेख लिहायला घेतला होता आणि मसुदा तिच्या धूळपाटीवर, म्हणजे लेख जगापुढे मांडण्याआधी कच्चं लिहायच्या पानावर ठेवला होता. मला दुवा पाठवून म्हणाली, "मामा, तू फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघ. बाकी काही करू नकोस." ह्यातलं दुसरं वाक्य मी तिचा संकोच समजलो.

आता माशाबद्दल मला काहीच कळत नाही असं कोण म्हणेल? आमच्या घरात बाजारातून मासे मीच आणतो. (निवडते बायको. पिशवी मी धरतो.) मसुद्यात लिहिलं होतं की गेममध्ये माउंट मूनजवळच्या पोकेमॉन सेंटरमध्ये एक विक्रेता भेटतो, तो हा मासा पाचशेला विकतो आणि नंतर पैसे परत देत नाही. मी लगेच भागाकार केला. दहा किलोचे पाचशे म्हणजे पन्नास रुपये किलो! ह्या भावात आज बोंबील वासालासुद्धा मिळत नाही. तेव्हा वाचकांच्या सोयीसाठी मी तिथे भर घातली की सदर दर अत्यंत वाजवी आहे, तरी ग्राहकाने कल्ले लाल आहेत ना हे स्वतः उघडून पाहावं. पुढे ह्या माशाला अतिशय दुबळा वगैरे म्हटलं होतं, ते मला लागलंच. तिथे "परिस्थितीने गांजलेला परंतु होतकरू" असं केलं. हा मासा विसाव्या पातळीला पोहोचला की त्याचा गायराडोस नावाचा अक्राळविक्राळ प्राणी होतो, आणि ह्या कल्पनेमागे पीत नदीवरच्या ड्रॅगन-दरवाजाची जुनी चिनी कथा आहे, जो कार्प मासा प्रवाहाविरुद्ध उड्या मारत तो दरवाजा ओलांडेल तो ड्रॅगन होईल, असंही तिने लिहिलं होतं. एवढं वाचल्यावर माझ्यातला संशोधक गप्प बसणं शक्यच नव्हतं. मनूच्या हातात आलेला तो इवलासा मासा, जो वाढत वाढत एवढा झाला की प्रलयात नाव ओढून नेऊ शकला, तो शतपथ ब्राह्मणात चीन-जपानच्या कितीतरी आधी पोहत होता हे मी दोन परिच्छेदांत, थोड्या अभिमानाने आणि बऱ्याच उद्गारचिन्हांसह सिद्ध केलं. मग उजवीकडच्या माहितीचौकटीत दोन महिरपी कंस उगाचच जास्त वाटले, ते खोडले. चौकट कोसळली. माशाचं वजन शीर्षकात गेलं, नाव तळाला गेलं, आणि मधे नुसत्या उभ्या रेघांचं एक कुंपण उरलं. मी "प्रकाशित करा" दाबून चहा टाकायला गेलो.

भाचीचा फोन दूध उतू जायच्या आत आला.

ती ओरडली नाही, हे जास्त वाईट. दवाखान्यात रिपोर्ट समजावून सांगतात त्या आवाजात तिने मला ज्ञानकोशाचे नियम समजावले. मत लिहायचं नाही. दया दाखवायची नाही. स्वतःचं संशोधन तर मुळीच नाही. आधी दुसऱ्या कुणीतरी विश्वासार्ह ठिकाणी छापलेलं असलं तरच ते इथे येणार. "आणि मामा, कल्ल्यांच्या वाक्याला तू संदर्भ म्हणून 'स्वानुभव' लिहिलंयस." मी म्हटलं, खराच आहे तो. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग तिने सांगितलं की असल्या प्राण्यांवरून इंग्रजी विकिपीडियावर एके काळी फार मोठे वाद झाले. तिथे जवळजवळ प्रत्येक पोकेमॉनवर वेगळा लेख होता, आणि कुणाचा लेख काढायची वेळ आली की तो हटकून म्हणे, पोकेमॉनना जागा आहे तर माझ्याच विषयाला का नाही? ह्या युक्तिवादाला 'पोकेमॉन कसोटी' असं नावच पडलं. शेवटी बहुतेक लेख याद्यांमध्ये विलीन झाले, आणि ज्यांच्याबद्दल गेमच्या बाहेरच्या जगाने काही म्हटलेलं आहे तेवढ्यांचे स्वतंत्र राहिले. म्हणजे नसलेल्या माशालासुद्धा आपण लक्षात घेण्याजोगे आहोत हे पुराव्यानिशी दाखवावं लागतं. मला एकदम निवृत्तीच्या कागदपत्रांची आठवण झाली, पण मी ते बोललो नाही. संदर्भ मागितला असता.

"तू आधी खेळून बघ तरी," ती म्हणाली आणि रविवारी कुणाचा तरी जुना गेमबॉय घेऊन आली. तिने पहिला टप्पा भराभर खेळून दिला, माझ्या हाताने तो मासा पाचशेला विकत घेववला आणि ती गेली.

मॅजिकार्प पाचव्या पातळीला मिळतो आणि तेव्हा त्याला एकच विद्या येते: फडफडणं. ह्या फडफडण्याने शत्रूला काहीही होत नाही, आणि काही झालं नाही असं पडद्यावर दर वेळी लिहूनही येतं. पंधराव्या पातळीला तो एक साधी धडक शिकतो, तोवर हेच. इतर प्राणी त्याला उभ्या उभ्या लोळवत होते, म्हणून मी शोधून शोधून त्याला एका जंगलात नेलं, तिथे मेटापॉड नावाचा कोष भेटतो आणि त्यालाही एकच विद्या येते: स्वतःला कडक करणं. माझा मासा फडफडला. कोष कडक झाला. मासा फडफडला. कोष आणखी कडक झाला. बायको मागून येऊन चष्मा सावरत बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "घनघोर लढाई." फडफडण्याचा साठाही चाळीसच वेळांचा असतो, तो संपल्यावर मासा धडपडत समोरच्यावर आपटू लागला आणि त्यात स्वतःच जखमी होऊ लागला. मी त्याला दवाखान्यात नेलं. पुढचे कितीतरी दिवस आम्ही दोघं हेच करत होतो, आणि खरं सांगतो, कुठल्या सहकाऱ्याशी माझं इतकं जमलं नव्हतं. माशाला फक्त पहिल्या क्रमांकावर ठेवून लगेच दुसऱ्याला पुढे केलं, की लढतो दुसरा आणि अनुभवाचा वाटा माशाला मिळतो, हे भाचीने मला फार उशिरा सांगितलं. ऑफिसात हीच पद्धत होती. मला तिथेही फार उशिरा कळली.

विसावी पातळी आली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. एकाएकी पडदा लुकलुकू लागला, माशाची आकृती काळी पडून आत-बाहेर होऊ लागली, आणि यंत्र बिघडलं असं वाटून मी आयुष्यभर प्रत्येक यंत्रापुढे करत आलो तेच केलं: मागे जायचं बटण दाबलं. ह्या गेममध्ये 'बी' दाबलं की रूपांतर रद्द होतं. मासा, मासाच राहिला.

दुसऱ्या दिवशी भाचीने लेख पूर्ण केला आणि मला त्याचा इतिहास उघडून दाखवला. विकिपीडियावर प्रत्येक बदलापुढे मजकूर किती वाढला ते हिरव्यात आणि किती घटला ते लाल आकड्यात येतं. माझ्या नावापुढे भलेमोठे हिरवे आकडे होते, आणि त्यांच्या लगेच वर, तिच्या नावापुढे, तेवढेच लाल. फक्त मी जिथे शेपुटचं शेपूट केलं होतं, तसे बदल तिने ठेवले होते. पण संगणकात देवनागरीचं प्रत्येक अक्षर नि मात्रा तीन बाइट खाते. ऱ्हस्व उकाराचे तीन गेले, दीर्घाचे तीन आले. म्हणून माझ्या टिकलेल्या प्रत्येक योगदानापुढे करड्या रंगात शून्य होतं. शून्य, त्याखाली शून्य, त्याखाली आणखी एक. "पण हे राहिलंय ना, मामा," भाची म्हणाली. मी मान डोलावली.

रद्द झालेलं रूपांतर पुढच्या पातळीला पुन्हा चालून येतं. त्यामुळे एकविसाव्या पातळीला मी बटणांपासून दोन्ही हात लांब ठेवायचं ठरवलं होतं, नव्या बॅटऱ्या घातल्या होत्या, चष्मा पुसला होता. शेवटची लढाई तेवढी भाचीच्या हातात देऊन जरा उठलो होतो. बायको म्हणते, पडदा पांढरा झाला, मासा थरथरला आणि बघता बघता दहा किलोचा २३५ किलोंचा झाला, जबडा असा, मिशा अशा, डोळे लालभडक, अंगावर काटा आला हो!

मी दूध आणायला गेलो होतो.