‘तीन महिने आरामात टिकतील’ म्हणणाऱ्या ताईंना खुले पत्र

मु. पो. जांभूळ, ता. अंबरनाथ, जि. ठाणे

केशकलानिपुण पार्लरवाल्या ताईंच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

पत्रात आपलं नाव घालत नाही, पार्लरचंही नाही आणि कॅम्पचा नंबरही नाही. फुकट जाहिरात कशाला? शिवाय आपण एकट्या थोड्याच आहात! आपल्या भगिनी उल्हासनगरच्या पाचही कॅम्पांत आहेत, अंबरनाथला पूर्वेलाही आहेत आणि पश्चिमेलाही, बदलापुरात कात्रप-बेलवलीपर्यंत पसरल्या आहेत. ‘तीन महिने आरामात टिकतील’ हे वाक्य ज्यांच्या ज्यांच्या तोंडून गेलं असेल, त्यांनी हे पत्र आपल्यालाच आलंय असं खुशाल समजावं.

आधी कौतुक, कारण ते खरंच आहे. नवरात्राच्या तोंडावर माझी भाची आपल्याकडून डोकं विणून आली, तेव्हा अख्खं घर बघत राहिलं. कपाळापासून मानेपर्यंत टाळूला चिकटून बारीक वेण्यांच्या रांगा, आणि मधले भांग इतके सरळ की आमच्याकडचे रस्ते आखणाऱ्यांनी आपल्याकडे शिकवणी लावावी. पोरीचे स्वतःचे केस खांद्याच्या जरा खाली. वेण्या मात्र कमरेपर्यंत, कारण प्रत्येकीत आपण नायलॉनसारखे चकचकीत उसने केस गुंफलेले. कॉर्नरोज विथ एक्स्टेन्शन! गरब्याला सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. आपणही लगेच व्हिडिओ काढून आपल्या पेजवर टाकलात. त्यावर किती बदाम पडले ते पोरीने मला मोजून दाखवलं.

पैसे मोजताना तिने आपल्याला तीन प्रश्न विचारले होते. आपली उत्तरं तिला तोंडपाठ आहेत, आता मलाही झालीत. दुखतंय, काय करू? ‘दोन दिवस दुखणारच, डोकेदुखीची गोळी घे.’ किती दिवस ठेवू? ‘तीन महिने आरामात टिकतील.’ धुवायच्या कशा? ‘पाणी लावूच नकोस, फिनिशिंग जाईल.’ एवढ्या मोठ्या विषयाचा इतका आटोपशीर अभ्यासक्रम मी दुसरीकडे पाहिला नाही. तेव्हा एकेक धडा घेऊ.

धडा पहिला, गोळीचा. ताई, दुखणं म्हणजे फॅशनचा कर नव्हे. ती केसाच्या मुळाने केलेली तक्रार असते. वेणी घातल्यावर भुवया ताणल्या जात असतील, भांगाजवळची कातडी तंबूसारखी उचलली जात असेल, मुळाशी बारीक पुटकुळ्या येत असतील, तर वेणी घट्ट झालीय आणि ती त्याच दिवशी सैल करायची, एवढं साधं आहे. गोळीने डोकं गप्प बसतं, ओढ चालूच राहते. सतत ओढीने केस जाण्याला डॉक्टर ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात आणि त्याचं वर्णन काही काल झालेलं नाही. १९०७ साली ग्रीनलंडमधल्या बायकांची कपाळाजवळची रेघ घट्ट बांधलेल्या केसांमुळे मागे सरकल्याची नोंद झाली होती. पुढे घट्ट जुडा बांधणाऱ्या शीख मुला-पुरुषांतही तेच आढळलं. म्हणजे वेणी कुठल्या देशाची, केस कुठल्या जातीचे, हा प्रश्नच नाही. ओढ लागली की मूळ सैल होतं. सुरुवात कपाळाच्या कडेने आणि कानशिलांपासून होते, कारण तिथले केस सगळ्यांत कोवळे. आपण नेमकी तिथलीच बाळलव चिमटीत धरून वेणीत कोंबलीत, आणि पहिल्याच पेडाला उसन्या केसांची जाड गाठ मारलीत. या कामातल्या जाणत्या बायका कपाळाची लव मोकळी सोडतात. उसने केस बोटभर मागून सुरू करतात आणि बारीक बारीक बटांनी वाढवत नेतात, म्हणजे कोवळ्या मुळावर भार येत नाही. पण त्याला वेळ लागतो, आणि आपल्या दारात पुढचं गिऱ्हाईक बसलेलं होतं.

धडा दुसरा, तीन महिन्यांचा. अंबरनाथच्या शिवमंदिरावर इ.स. १०६० चा शिलालेख आहे. तिथल्या भिंतींवरच्या सुरसुंदऱ्यांचे केशसंभार साडेनऊशे वर्षं टिकलेत, एक बट हललेली नाही. त्या हिशेबाने आपले तीन महिने म्हणजे काहीच नाही. फरक इतकाच की त्या दगडाच्या आहेत. त्यांचे केस वाढत नाहीत, गळत नाहीत, त्यांना घाम येत नाही. माझ्या भाचीचं तसं नाही. माणसाचा केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे तीन महिन्यांत पावणेचार सेंटिमीटर, दीड इंच. टाळूला चिकटून घातलेली वेणी तेवढी खाली उतरते, आणि तिचा सगळा भार त्या नव्या, मोकळ्या दीड इंचाला लोंबतो. शिवाय धडधाकट डोक्याचेही रोज ५० ते १०० केस गळतात. एरवी ते फणीत येतात. वेणीत बंद असले की जायचे कुठे? तिथेच अडकतात. ९० दिवसांचे ४,५०० ते ९,००० गळलेले केस, त्यात धूळ, तेल आणि गरब्याचा घाम, वरून ऑक्टोबरचा उकाडा आणि सकाळची बदलापूरहून भरून येणारी लोकल. आपण पोरीच्या डोक्यावर केशरचना केली नव्हती ताई, गोदाम बांधलं होतं.

किती दिवस ठेवायच्या, याचं उत्तर काही गुपित नाही. आफ्रिकी वळणाच्या दाट, कुरळ्या केसांना या वेण्या खरोखर जपतात. रोजची विंचरणी टळते, टोकं तुटत नाहीत. पण तिथेही काळजी घेऊन सहा ते आठ आठवडे, त्यापुढे नाही. आपल्याकडचे सरळ, निसरडे केस वेणी तेवढी धरतच नाहीत. दोन आठवड्यांत ती पिंजारते, मुळाशी ढिली पडते. तीन-चार आठवडे झाले की सोडावी हेच बरं, आणि कपाळाजवळची रांग तर त्याच्याही आधी. लग्नसमारंभापुरत्या घालायच्या असतील, तर समारंभ संपला की वेण्याही संपल्या. आपल्याला हे माहीत नसेल असं मी म्हणत नाही. तीन महिने टिकणार म्हटलं की दर जास्त सांगता येतो, एवढंच मी म्हणते.

धडा तिसरा, पाण्याचा. हा मला सगळ्यांत आवडला. एमआयडीसीचं जलशुद्धीकरण केंद्र आमच्या जांभूळला आहे. बारवी धरणाचं पाणी इथे शुद्ध होऊन पार ठाण्यापर्यंत जातं. केंद्रात दुरुस्ती निघाली की गावोगावचे नळ चोवीस तास कोरडे पडतात आणि पेपरात बातमी येते. त्या जांभूळच्या पोरीच्या डोक्यावर आपण थेट तीन महिन्यांचं पाणीबंद जाहीर केलंत, आणि बातमी कुठेच नाही! अहो, वेणी धुवायची नसते, टाळू धुवायची असते. पातळ केलेला शाम्पू टोकदार तोंडाच्या बाटलीतून भांगाभांगांत सोडायचा, बोटांच्या पेरांनी हळू चोळायचा आणि पाणी वरून खाली जाऊ द्यायचं. आठवड्याने, फार तर दहा दिवसांनी. मग पंख्याखाली बसून मुळापर्यंत वाळवायचं, कारण उसने केस आत ओल धरतात आणि ओलीला वास येतो. तेल भांगापुरतं, दोन थेंब. रात्री उशीवर साटीनचं फडकं. आणि ते चकचकीत केस वापरण्याआधी व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून धुऊन घेतले असते, तर त्यावरच्या रसायनाने पहिल्याच आठवड्यात जी खाज सुटली, तीही कमी झाली असती. पोरगी वर्गात पेन्सिलीचं टोक भांगात घालून खाजवायची.

मार्गशीर्ष संपत आला तेव्हा आजीने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, “काय गो, कपाल कवरा झालाय तुजा!” कानशिलाच्या वर, जिथे लव होती तिथे, गुळगुळीत चकाकी. पोरगी घाबरून आधी आपल्याकडेच आली. आपण काय सांगितलंत? कपाळावर लावायची काळी पावडर घे, आणि वेण्या सोडल्या की लगेच केराटिन करू, शाईन येईल. जखमेवर मीठ चोळतात हे ऐकून होते. त्याचेही पैसे घेतात, हे नव्याने कळलं.

वेण्या शेवटी घरीच सोडल्या. सोडण्याचा दर आपल्या फलकावर नव्हताच. ओटीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं. पोरीचे केस कुठे संपतात ते चाचपून त्याखालचे उसने केस कात्रीने उडवले आणि शेपटीच्या कंगव्याने खालून वर एकेक पेड उकलला. प्रत्येक वेणीच्या मुळाशी राखाडी, चिकट कडं निघालं. त्याला आधी पाणी लावलं असतं तर त्याचा नमदा झाला असता. म्हणून कंडिशनर चोळून, बोटांनी फोडून, मग फणी, आणि धुणं सगळ्यात शेवटी. निघालेलं गुंतवळ बघून पोरगी रडायला लागली. त्यातले पुष्कळसे केस नेहमीच्या गळतीचे होते. ज्याच्या टोकाला पांढरा बारीक दाणा, तो मुळातून गळलेला. ज्याला दाणा नाही, तो मधेच तुटलेला. कानशिलाजवळचे केस मात्र झुपक्याने आले, दाण्यासकट.

दोन-चार वेण्या मुळाशी इतक्या घट्ट गोळा झाल्या होत्या की अजून महिनाभर राहत्या तर जट झाली असती. आणि आपल्या महाराष्ट्रात जट म्हणजे नुसता गुंता राहत नाही. देवीचं बोलावणं आलं म्हणून बायका ती वर्षानुवर्षं मानेवर वाहतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी गावोगाव फिरून, घरच्यांची समजूत काढून कितीतरी बायकांच्या जटा सोडवल्यात. त्या मूळच्या ब्युटीशियन, म्हणजे आपल्याच धंद्यातल्या. एकाच धंद्यातली कात्री कुठवर पोहोचू शकते, हे बघण्यासारखं आहे.

त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, केस परत येतील, काही महिने धीर धरा, तोवर काही बांधायचं नाही आणि केराटिनचं नावही नको. वर्षानुवर्षं अशीच ओढ लागली असती, तर मुळाची जागा कायमची बुजली असती. मग औषधांनाही करण्यासारखं फारसं काही उरत नाही.

कॉर्नरोजवर माझा राग नाही, ताई. ज्या आफ्रिकेतून त्या आल्या, तिथे ते पिढ्यानपिढ्यांचं शास्त्र आहे. मुलगी आईच्या गुडघ्यांत तासन् तास बसते, आणि जी आई विणते तीच सोडते, धुते, टाळूला विसावा देते, मग पुन्हा विणते. आपल्याकडेही गंगावन होतंच की. लग्नाला लावायचं, मिरवायचं आणि निजण्याआधी काढून डब्यात ठेवायचं. शाळेच्या दोन वेण्यासुद्धा आई संध्याकाळी सोडून विंचरून देत असे. कुठल्याही देशातल्या बाईला हे सांगावं लागलेलं नाही की घालणं हे निम्मं काम आणि सोडणं हे उरलेलं निम्मं. आपण परदेशातून पहिलं निम्मं तेवढं मागवलंत आणि बिल पूर्ण लावलंत.

तेव्हा विनंती अशी. बिलावर वेण्या घातल्याची तारीख टाकता, त्याखाली सोडण्याचीही टाका. सोडण्याचा दर आधीच त्यात धरा. महाग पडलं तरी चालेल, आम्ही जांभूळकर तेवढे चिकट नाही. दुखतंय म्हणणाऱ्या पोरीला गोळी न देता पुन्हा खुर्चीत बसवा. वेण्या सुटल्यावर निदान दोन आठवडे तिला दारातून परत पाठवा. आणि पेजवर पहिल्या दिवसाच्या व्हिडिओशेजारी शेवटच्या दिवसाचाही टाका, कपाळ नीट दिसेल असा. बदाम कमी पडतील, पण गिऱ्हाईक परत येईल. त्यासाठी तिच्या डोक्यावर केस असणं आपल्याच फायद्याचं आहे.

कळावे. लोभ असावा, पण सैल असावा.

आपली,
एक मावशी

ता. क. – पोरगी पुढच्या नवरात्रात पुन्हा वेण्या घालणार म्हणते, आणि मी नाही म्हटलेलं नाही. फक्त खुर्चीत बसण्याआधी यंदा प्रश्न ती विचारणार नाही, मी विचारणार आहे.